केंद्रीय कर्मचाऱ्याने लाच मागितली तर: सीबीआयच्या शाखेकडे तक्रार करण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

लाच मागणाऱ्याला पकडून द्यायचं ठरवलं की बहुतेक माणसं एक ठरावीक क्रम धरतात. आधी ओळखीच्या चार जणांचा सल्ला, मग मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगचे तुकडे व्हॉट्सॲपवर, मग "बघूया सुधारतोय का" म्हणून थोडी रक्कम हातावर, आणि सगळ्यात शेवटी १०६४ या लाचेच्या तक्रारींच्या क्रमांकाला फोन. तोवर बातमी फुटलेली असते, पुरावा विस्कटलेला असतो, पैसे गेलेले असतात आणि फोनही चुकीच्या खात्याला लागलेला असतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या तक्रारदारांसाठी आहे आणि फक्त केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. लाचेच्या खटल्यात नोटांपेक्षा मागणी महत्त्वाची असते. नोटा सापडल्या पण मागणी सिद्ध झाली नाही, तर आरोपी सुटतो. पुढचा प्रत्येक टप्पा याच भोवती फिरतो.

## टप्पा १: कर्मचारी केंद्राचा की राज्याचा, हे ठरवा

गोंधळाचं मूळ नावात आहे. राज्याचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आणि सीबीआयची भ्रष्टाचार प्रतिबंधक शाखा, दोघांनाही लोक "अँटी करप्शन" किंवा "एसीबी" म्हणतात. १०६४ हा राज्याच्या विभागाचा क्रमांक. तलाठी, पोलीस, महापालिका, महावितरण, आरटीओ, दुय्यम निबंधक यांच्यासाठी तोच बरोबर. आयकर, सीमाशुल्क, रेल्वे, टपाल, भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, बीएसएनएल, राष्ट्रीयीकृत बँका, केंद्रीय विद्यालयं, कटक मंडळं, केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या यांच्यासाठी सीबीआय.

एवढं सरळ असतं तर लेख लिहायची गरज नव्हती. खरी चूक होते ती जोडीच्या खात्यांत:

- जीएसटी. समोरचा "अधीक्षक, केंद्रीय जीएसटी" असेल तर सीबीआय. "राज्यकर अधिकारी" किंवा "राज्यकर निरीक्षक" असेल तर १०६४. नोटिशीच्या माथ्यावरचं नाव बघा, इमारतीवरची पाटी बघून अंदाज बांधू नका.
- रेल्वेतले खाकीवाले. रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, केंद्राचं. लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, राज्याचे. फलाटावर दोघेही शेजारी उभे असतात.
- पासपोर्ट. पासपोर्ट कार्यालयातला कर्मचारी केंद्राचा, पण घरी किंवा ठाण्यात पडताळणी करणारा पोलीस राज्याचा.
- महामार्गाचं भूसंपादन. रस्ता केंद्राच्या प्राधिकरणाचा असला तरी मोबदल्याची फाइल बहुधा राज्याच्या महसूल अधिकाऱ्याच्या टेबलावर असते. पैसे कोणी मागितले त्यावर कार्यालय ठरतं, प्रकल्प कोणाचा आहे त्यावर नाही.
- बँका. राष्ट्रीयीकृत बँकेचा कर्ज अधिकारी सीबीआयकडे, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा राज्याकडे.
- दलाल. कर्मचारी स्वतः न मागता एजंटाला पुढे करत असेल, तर काम ज्या कार्यालयात अडकलं आहे ते कार्यालय बघा. साहेबांवर वजन वापरून काम करून देतो म्हणत पैसे घेणारा खासगी माणूसही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७अ खाली येतो.

केंद्र आणि राज्य दोन्हींचे कर्मचारी एकाच मागणीत असतील तर स्वतः वाटणी करत बसू नका. केंद्राच्या माणसाची मागणी थेट असेल तर सीबीआयच्या शाखेत जा आणि दुसऱ्याचं नावही सांगा.

तपासा: कर्मचाऱ्याचं पूर्ण पदनाम आणि कार्यालयाचं पूर्ण नाव तुमच्याकडच्या एखाद्या कागदावर छापलेलं आहे का? नसेल तर ते मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा २: गप्प राहा आणि कागद जमवा

तक्रार फुटते ती बहुतेक वेळा घरातून किंवा त्याच कार्यालयातल्या "आपल्या माणसा"कडून. वकिलाला विचारायचं असेल तर एकाच वकिलाला विचारा, आणि तो त्या कार्यालयात रोज उठबस असलेला नको. कर सल्लागार, कस्टम हाउस एजंट, बँकेचा मध्यस्थ यांचं पोट त्याच टेबलांवर असतं. ते वाईट असतात असं नाही, पण त्यांच्या तोंडून गोष्ट निघते.

वरच्या साहेबांकडे आधी जाणं हीसुद्धा नेहमीची चूक. साहेब प्रामाणिक असले तर कर्मचाऱ्याला झापतील, तो सावध होईल आणि सापळ्याची, म्हणजे लाच घेताना रंगेहाथ पकडण्याची, शक्यता संपेल. साहेब वाटेकरी असले तर काय होईल ते सांगायला नको.

जमवायचे कागद थोडेच आहेत:

1. तुमचं काम अडकलं आहे हे दाखवणारा कागद: अर्जाची पोच, फाइल क्रमांक, नोटीस, कर्जाचा अर्ज, बिल.
2. ते काम त्याच कर्मचाऱ्याकडे आहे हे दाखवणारा कागद: सहीची नोटीस, त्याचा ईमेल, टेबल क्रमांक असलेली पोच.
3. मागणीचा तक्ता, एका पानावर: तारीख, अंदाजे वेळ, जागा, समोर किंवा फोनवर, आकडा, आणि त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे. "दोन पेट्या", "मिठाई", "वरपर्यंत द्यावं लागतं" असे शब्द सभ्य भाषेत बदलू नका.
4. तुमचं ओळखपत्र.

तक्ता त्याच दिवशी लिहा. आठवड्याने लिहिलेल्या तक्त्यात तारखा सरकतात आणि बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत नेमक्या त्याच पकडतो.

सावधान: काम बेकायदा असेल, म्हणजे कर बुडवायला किंवा खोट्या कागदावर कर्ज मंजूर करून घ्यायला तुम्हीच मदत मागितली असेल, तर तक्रारीआधी वकिलाशी बोला. तक्रार केली म्हणून ती दुसरी बाब पुसली जात नाही.

## पैसे आधीच दिले असतील तर

इथे घड्याळ चालू आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे: कलम ८, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण दबावाखाली द्यावी लागली असेल आणि दिल्यापासून ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं, तर देणाऱ्यावर हे कलम लागत नाही. सात दिवस म्हणजे कॅलेंडरचे सात दिवस, रविवारसुद्धा त्यातच धरा. तोंडी सांगून आलात तर तारखेचा पुरावा राहत नाही, म्हणून लेखी द्या आणि पोच घ्या.

पूर्ण रक्कम गेली असेल तर सापळा लावायला काही उरत नाही. मग प्रकरण जुन्या व्यवहाराच्या तपासाचं होतं आणि अनेकदा कलम १७अ खाली कर्मचाऱ्याच्या खात्याची पूर्वमंजुरी लागते, त्यात वेळ जातो. लाच घेताना जागेवर अटक होते त्या प्रकरणात ही मंजुरी लागत नाही. हप्त्यांत ठरलं असेल तर पुढचा हप्ता हातात आहे, तो देण्याआधी शाखेत जा. आधीचा हप्ता लपवू नका. सापळ्यातल्या संभाषणात तो "मागचे दहा मिळाले" असं म्हणाला आणि तुमच्या तक्रारीत ते नसलं, तर खोटे तुम्ही ठरता.

## टप्पा ३: मोबाइलला हात लावू नका

रेकॉर्डिंग असलंच पाहिजे असं नाही. ते नसेल तरी तक्रार घेतली जाते, कारण शाखा मागणीची पडताळणी स्वतः करते. पण असलं तर ते बिघडवू नका.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा असलेला सांकेतिक आकडा, नमूद करावं लागतं. फाइलमधला एक सेकंद कापला तरी हे मूल्य बदलतं. म्हणून:

- मूळ फोन तोच ठेवा. तक्रार करायचं ठरल्यावर फोन बदलणं, फॅक्टरी रीसेट करणं, सिस्टीम अपडेट मारणं टाळा.
- रेकॉर्डिंग कापू नका, जोडू नका, त्याचं नाव बदलू नका, "आवाज स्पष्ट" करणाऱ्या ॲपमध्ये घालू नका.
- व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेली फाइल ही मूळ फाइल नसते. पाठवायची झाली तर शाखेत जाऊन, त्यांच्या सांगण्याप्रमाणे.
- संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय बंद करायची असेल तर थांबा. काही ॲपमध्ये ती बंद केल्याची सूचना समोरच्यालाही दिसते. त्याऐवजी दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो काढून ठेवा.
- फोनचं कॉल रेकॉर्डिंग चालू करण्याआधी घरच्या माणसाला फोन लावून बघा. अनेक फोनमध्ये "हा कॉल रेकॉर्ड होत आहे" अशी घोषणा दोघांनाही ऐकू जाते.

आता बोलायचं कसं. सगळ्यात घातक वाक्य आहे "साहेब, किती द्यायचे?" या वाक्याने देऊ करण्याची सुरुवात तुमच्याकडून झाली असं दिसतं. "माझ्या फाइलचं काय झालं? अजून काय राहिलंय?" एवढंच विचारा आणि थांबा. आकडा त्याला बोलू द्या. त्याने बोटं दाखवली किंवा कॅल्क्युलेटरवर आकडा टाईप केला, तर सहज वाटेल असं उच्चारा: "वीस हजार म्हणजे जरा जास्त होतात." घासाघीस स्वाभाविक आहे, ती करता येते. उकसवणं, चिडवणं, कबुली वदवून घेण्याचा प्रयत्न करणं नको.

## टप्पा ४: योग्य शाखा गाठा

महाराष्ट्रात सीबीआयच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक शाखा मुंबई, पुणे आणि नागपूर इथे आहेत. गोव्याची वेगळी आहे. तुम्ही कुठे राहता याला महत्त्व नाही, लाच कुठे मागितली गेली आणि कर्मचारी कुठे बसतो ते महत्त्वाचं. तुमचा जिल्हा कोणत्या शाखेकडे येतो ते फोनवर विचारून मगच निघा. मुंबईत सीबीआयच्या बँक फसवणूक आणि आर्थिक गुन्ह्यांच्याही शाखा आहेत. लाचेची तक्रार त्या दारात नेलीत तर अर्धा दिवस जातो.

क्रमांक फक्त सीबीआयच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. शोधयंत्रात पहिला दिसलेला मोबाइल क्रमांक लावू नका. सीबीआयचं नाव घेऊन व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" करणाऱ्या टोळ्यांनी हजारो लोकांना लुटलं आहे. अशी अटक कायद्यात नाही. तक्रार नोंदवायला शाखा शुल्क घेत नाही आणि "तपासणीसाठी" पैसे खात्यात भरायला सांगत नाही. असं कोणी सांगितलं तर फोन ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

फोनवर तीनच गोष्टी सांगा: कोणत्या खात्याचा कर्मचारी, मागणी कधी झाली, पैसे देण्याची मुदत काय. सविस्तर गोष्ट समोरासमोर. मुदत उद्याची असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण पंच (स्वतंत्र साक्षीदार) बोलावणं, पडताळणी आणि सापळ्याची तयारी यांना तास लागतात. सकाळी अकराला पैसे द्यायचे आणि नऊला फोन, यात काही जमत नाही. अशा वेळी कर्मचाऱ्याकडून एक दिवस मागून घ्या: "रक्कम जमवतोय, परवा देतो."

ईमेल किंवा पोस्टाने पाठवलेली तक्रार सापळ्यासाठी निरुपयोगी. ती नोंदवही, छाननी, अभिप्राय अशा वाटेने जाते. निनावी पत्रांवर तर सहसा काहीच होत नाही. नाव लपवूनच कळवायचं असेल तर जनहित प्रकटीकरणाच्या ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात तक्रार करता येते. लिफाफ्यावर नाव लिहायचं नाही, आतल्या पत्रात लिहायचं. तो मार्ग कार्यालयातल्या जुन्या गैरव्यवहारासाठी आहे. उद्याच्या लाचेसाठी त्याचा उपयोग नाही.

## टप्पा ५: तक्रार अर्ज

अर्ज शाखाप्रमुखांच्या नावे, स्वतःच्या शब्दांत, एक ते दोन पानं. मराठीत लिहिला तरी चालतो. तिथल्या कर्मचाऱ्याने हिंदी किंवा इंग्रजीत उतरवून घेतला तर सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा. क्रम असा ठेवा:

1. तुमचं नाव, वय, व्यवसाय, पत्ता, फोन.
2. काम काय, अर्ज कधी केला, फाइल कुठे आहे.
3. मागणी: तारीख, जागा, शब्द, आकडा. घासाघीस झाली असेल तर शेवटचा आकडा वेगळा लिहा.
4. पैसे कधी, कुठे, कोणाकडे द्यायला सांगितले.
5. आधी काही दिलं असेल तर ते.
6. "मला लाच द्यायची इच्छा नाही, कायदेशीर कारवाई व्हावी अशी विनंती आहे."
7. "सदर कर्मचाऱ्याशी माझं पूर्वीचं भांडण, नातं किंवा देणंघेणं नाही."

सातवा मुद्दा लोक गाळतात. बचावाचं ठरलेलं उत्तर असतं की ते हातउसने दिलेले पैसे होते, परत आले. खरंच काही देणंघेणं किंवा जुना वाद असेल तर तो इथेच लिहा. तक्रारीत लिहिलेला वाद फारसा नुकसान करत नाही. कोर्टात उघडा पडलेला करतो.

काय लिहू नये? "सगळं कार्यालय भ्रष्ट आहे", "यापूर्वी अनेकांना लुटलं आहे" असलं काहीही. ज्याने मागितलं त्याचंच नाव लिहा. वरचे साहेब सामील असावेत असा नुसता संशय असेल तर तो तपास अधिकाऱ्याला तोंडी सांगा. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेनुसार तुमच्यावर उलटणारा गुन्हा आहे.

तपासा: आकडा, तारीख आणि पदनाम अर्जात, तक्त्यात आणि रेकॉर्डिंगमध्ये एकसारखं आहे का? फरक असेल तर आत्ता सांगा.

नाव गुप्त राहील का, असं इथे प्रत्येक जण विचारतो. सापळा होईपर्यंत ते बाहेर जात नाही. पण गुन्हा दाखल झाला की एफआयआरमध्ये तक्रारदार म्हणून तुमचं नाव असतं, ती प्रत आरोपीला मिळते आणि पुढे तुम्हाला साक्ष द्यावी लागते. हे पटत नसेल तर सही करू नका, अर्ध्यावर मागे फिरणं सगळ्यांनाच महाग पडतं.

## टप्पा ६: मागणीची पडताळणी

तक्रार दिली की लगेच सापळा, असं होत नाही. आधी पडताळणी होते. एक अधिकारी आणि एक स्वतंत्र पंच तुमच्यासोबत असतात. पंच बहुतेक वेळा दुसऱ्याच सरकारी कार्यालयातला कर्मचारी असतो. तुमच्याकडे डिजिटल रेकॉर्डर दिला जातो, सुरुवातीला पंचांचा आवाज त्यात नोंदवतात आणि मग तुम्ही कर्मचाऱ्याला फोन करता किंवा भेटता. परत आल्यावर संभाषण ऐकून त्याचा लेखी वृत्तांत तयार होतो. मागणी दिसली तर गुन्हा नोंदवला जातो. सीबीआयच्या भाषेत त्याला "आरसी" (रेग्युलर केस) क्रमांक मिळतो. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्या.

या भेटीत पैसे द्यायचे नाहीत, "टोकन" म्हणूनही नाही. रेकॉर्डर खिशात ठेवला की विसरून जा. सारखा हात लावल्याने कापडाच्या घर्षणाचा आवाज येतो आणि नेमका आकडा त्याखाली बुडतो. पंखा, टीव्ही, रस्त्याकडची खिडकी यांच्यापासून दूर बसता आलं तर बसा. आणि बोलणं कामावरून सुरू करा, पैशावरून नाही.

मागणी झालीच नाही, तो नुसता "बघू" म्हणाला, तर ते अपयश मानू नका. दुसऱ्यांदा पडताळणी होऊ शकते. पण त्याला संशय आला आहे असं वाटलं, उदाहरणार्थ तो अचानक फार सभ्य बोलायला लागला, मोबाइल बाहेर ठेवायला सांगितला किंवा कागदावर लिहून फाडून टाकलं, तर बाहेर येताच सांगा. ओढून ताणून पुढे नेलेला सापळा हमखास फसतो.

## टप्पा ७: रक्कम आणि पावडर

रक्कम साधारणपणे तक्रारदाराने आणायची असते. ती स्वतःच्या खात्यातून काढा, म्हणजे ती कुठून आली याची नोंद राहते. ऐपत नसेल तर तक्रार देतानाच सांगा, आदल्या रात्री नाही. रक्कम मोठी असेल तर वर खऱ्या आणि खाली नकली नोटा अशी सोय कधी कधी केली जाते. तो निर्णय शाखेचा, घरून कागदाची पुडकी बांधून नेऊ नका. ही रक्कम मुद्देमाल होते, त्यामुळे ती लगेच परत मिळत नाही. भरपाईची पद्धत आणि त्यासाठीचा अर्ज त्याच दिवशी विचारून ठेवा.

सापळ्याआधी दोन स्वतंत्र पंचांसमोर प्रत्येक नोटेचा क्रमांक लिहिला जातो आणि नोटांवर फिनॉल्फ्थलीनची पावडर लावतात. पावडर पांढरी असते, हाताला लागली तरी डोळ्यांना कळत नाही. ती लागलेली बोटं सोडियम कार्बोनेटच्या रंगहीन द्रावणात बुडवली की पाणी गुलाबी होतं. याचं प्रात्यक्षिक तुमच्यासमोर दाखवतात. राज्याच्या विभागाच्या बातम्यांत वाचलेली अँथ्रासीन पावडर वेगळी, ती अतिनील दिव्याखाली चमकते.

त्यानंतर तुमचे खिसे रिकामे करून अंगझडती होते आणि पंच स्वतःच्या हाताने नोटा तुमच्या एका खिशात ठेवतो. तिथून पुढे त्या खिशाला हात लावायचा नाही. रुमाल, किल्ल्या, तंबाखूची डबी त्याच खिशात नको.

ऑनलाइन मागितलं असेल तर पावडरीचा प्रश्न येत नाही. त्याने दिलेला यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड कोणाच्या नावे आहे हे पैसे पाठवण्याआधी शाखेला दाखवा. तो बहुधा बायको, मेहुणा किंवा चहावाल्याच्या नावे निघतो, आणि तपासात तो दुवा जोडावा लागतो. शाखेने सांगण्याआधी एक रुपयाही "चाचणी" म्हणून पाठवू नका.

## टप्पा ८: सापळा

हा टप्पा दहा मिनिटांचा असतो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

हस्तांदोलन करू नका. तुमच्या हाताला चुकून पावडर लागली असेल तर ती त्याच्या हाताला जाते, आणि बचाव पक्ष म्हणतो की पाणी गुलाबी झालं ते हात मिळवल्यामुळे. लांबूनच नमस्कार करा.

मागितल्याशिवाय नोटा काढू नका. आत गेल्यावर कामाबद्दल बोला. तो "आणलेत का?" म्हणेपर्यंत थांबा. मग मोजक्या शब्दांत: "तुम्ही सांगितलेले वीस हजार आणलेत." आकडा रेकॉर्डरमध्ये यायला हवा.

त्याच्या हातात द्या. टेबलावर टाकून, फाइलमध्ये खुपसून किंवा त्याच्या नकळत खणात ठेवून बाहेर येऊ नका. "खणात ठेवा" म्हणाला तर ठेवताना बोला: "या खणात ठेवतो, मोजून घ्या." त्याने मोजल्या तर उत्तमच. दुसऱ्या माणसाला द्यायला सांगितलं तर त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या: "यांच्याकडे देऊ ना?"

खूण पैसे स्वीकारल्यावरच. खूण आधी ठरलेली असते, डोक्यावरून हात फिरवणं किंवा ठरलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल. घाबरून किंवा केस सारखे करताना नकळत खूण झाली, तर पथक आत येतं आणि नोटा अजून तुमच्याच खिशात असतात. दोन खुणा ठरवून घ्या, म्हणजे एक जमली नाही तर दुसरी.

सोबतच्या पंचाची ओळख आधी ठरवा. तुमच्याबरोबर आत येणारा पंच "भाऊ" म्हणून की "अकाउंटंट" म्हणून, हे ठरलेलं नसेल तर पहिल्याच प्रश्नाला अडखळता. आत घेतलं नाही तर हट्ट नको. रेकॉर्डर आहेच.

त्याने घेतलेच नाहीत, जागा बदलली किंवा "उद्या" म्हणाला तर नोटा तशाच परत आणा. त्याची नोंद होते आणि पुन्हा प्रयत्न करता येतो.

पथक आत आल्यावर तुम्ही बाजूला व्हा. शिव्या, विजयाच्या घोषणा, मोबाइलवर चित्रीकरण यातलं काही नको. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण पथकच करतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार ते बंधनकारक आहे. त्याच्या दोन्ही हातांची धुवणं, म्हणजे हात बुडवलेलं द्रावण, वेगवेगळ्या बाटल्यांत सीलबंद होतात, खिसा किंवा खण यांचंही तसंच. नोटांचे क्रमांक पंच आधीच्या यादीशी जुळवतात.

तपासा: पंचनाम्यावर सही करण्याआधी पूर्ण वाचा. तुम्ही "हातात दिले" आणि कागदावर "टेबलावर ठेवले" असेल, तर तिथेच दुरुस्त करून घ्या. रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

## टप्पा ९: सापळ्यानंतर

अटक झालेल्याला २४ तासांत न्यायालयापुढे नेतात. केंद्र सरकारचा कर्मचारी ४८ तासांहून अधिक कोठडीत राहिला की सेवानियमांनुसार तो निलंबित मानला जातो. ही तुमच्या हातातली बाब नाही, त्यामागे लागू नका. तुमच्या वाट्याला तीन कामं येतात.

पहिलं, जबाब. तपास अधिकारी जबाब घेतो, आवाज ओळखायला लावतो आणि गरज वाटली तर दंडाधिकाऱ्यासमोर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली जबाब नोंदवला जातो. तुमचा मूळ फोनही जप्त होऊ शकतो. जप्तीची पावती घ्या, आणि त्या फोनवर बँकेची कामं चालत असतील तर सिमची सोय आधीच करून ठेवा.

दुसरं, अडकलेलं काम. कर्मचारी पकडला गेला म्हणून फाइल आपोआप हलत नाही, उलट कार्यालयात सगळे तिच्यापासून लांब राहतात. त्याच आठवड्यात कार्यालयप्रमुखांना साधा अर्ज द्या: फाइल क्रमांक, प्रलंबित काम, दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याची विनंती. सापळ्याचा उल्लेख एका ओळीत. त्याची प्रत शाखेला द्या.

तिसरं, साक्ष. खटला चालवण्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली खात्याची मंजुरी लागते, त्यासाठी तीन महिने आणि गरज पडली तर आणखी एक महिना अशी मुदत कायद्यात आहे. मग विशेष न्यायालयात सुनावणी. दोन वर्षांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात बोलावणं बरंच उशिरा येऊ शकतं. म्हणून तक्ता, एफआयआरची प्रत आणि सहीच्या कागदांच्या प्रती एका पाकिटात ठेवा, आणि पत्ता किंवा फोन बदलला तर शाखेला कळवा.

मधल्या काळात मध्यस्थ येतात. नातेवाईक, संघटनेचे पदाधिकारी, कधी तुमचाच सल्लागार. पैसे देऊ करतात, मुलांची शपथ घालतात. एकटे भेटू नका, आणि भेट झालीच तर तारीख, वेळ लिहून तपास अधिकाऱ्याला कळवा. धमकी आली तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. १५ डिसेंबर २०२२ च्या नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा हयात नसला, तरी इतर पुराव्यांवरून मागणी आणि स्वीकार सिद्ध करता येतात. म्हणजे साक्ष फिरवून आरोपी सुटेलच असं नाही, आणि खोट्या साक्षीची कारवाई मात्र फिरवणाऱ्यावर होऊ शकते.

कोर्टात जाण्याच्या आदल्या दिवशी तक्रार अर्ज आणि पंचनामा दोनदा वाचा. आठवत नसेल ते "आठवत नाही" म्हणा. वीस हजारांचे पंचवीस झाले किंवा उजव्या खिशाचा डावा झाला, तर उलटतपासणीचा पुढचा अर्धा तास त्यावरच जातो.